बहुध्रुवीय जग म्हणजे काय? महाबळेश्वर-साताऱ्याच्या वाटेने एक ओळख

‘बहुध्रुवीय जग’ हा शब्द आता टीव्हीवरच्या चर्चेतून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आहे. एक जण लिहितो, अमेरिकेची दादागिरी संपली, आता आपले दिवस आले. दुसरा विचारतो, मग चीनची दादागिरी आली तर काय करायचे? तिसरा म्हणतो, मोदी-पुतिन-ट्रम्प यांच्याशी आपल्या वस्तीचा काय संबंध? आम्हाला तिसऱ्याचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो. म्हणून या लेखात शब्दाचा अर्थ सांगून आम्ही थांबणार नाही. महासत्तांच्या ओढाताणीचा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोटापाण्याशी काय संबंध आला, तेही पाहू. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. महाबळेश्वर आणि सातारा पुरेसे आहेत.

आधी अर्थ. जगाचा कारभार ज्या देशांच्या मर्जीने चालतो त्यांना ध्रुव म्हणतात. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया असे दोन ध्रुव उरले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि अमेरिका हा एकच ध्रुव राहिला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर हे चित्र बदलू लागले. चीनची अर्थव्यवस्था दुसऱ्या क्रमांकावर गेली. ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांची पहिली शिखर परिषद २००९ मध्ये रशियातील येकातेरिनबुर्ग येथे झाली. पुढे दक्षिण आफ्रिका आली, २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आणि जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया. आज या गटाला ब्रिक्स म्हणतात. म्हणजे शक्तीची अनेक केंद्रे तयार होत आहेत.

मात्र ‘झाले’ आणि ‘होत आहे’ यात फरक आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सोळा टक्क्यांहून जास्त मते आहेत. म्हणजे तिने नाही म्हटले की विषय संपला. भारताची मते तीन टक्क्यांच्याही आत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १९४५ पासून तेच पाच कायम सदस्य बसले आहेत. गावची पाटीलकी गेली असे सगळे म्हणतात, पण चावडीच्या किल्ल्या अजून जुन्याच घरात आहेत, तसे हे आहे.

महाबळेश्वर कोणाचे होते?

स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या पर्यटकाला हा प्रश्न पडत नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थान आजच्या भाषेत बहुध्रुवीयच होता. मराठे, निजाम, हैदर-टिपू, इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज असे सगळे एकमेकांना तोलून होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि या भागात इंग्रज हा एकच ध्रुव उरला. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवून कंपनीने १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. त्यातले एक कलम नीट वाचण्यासारखे आहे. कंपनीच्या परवानगीशिवाय राजाने बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी किंवा सरदाराशी संबंध ठेवायचा नाही. राज्य तुमचे, पण बोलायचे फक्त आमच्याशी.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये महाबळेश्वरावर आला. हवा आवडली. १८२९ मध्ये वाईकडचे खंडाळा गाव महाराजांना देऊन त्याने हा डोंगर कंपनीसाठी घेतला. तिथल्या पेठेला त्याचेच नाव पडले, माल्कम पेठ. मुंबई सरकार उन्हाळ्यात इथून चालू लागले.

दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. आरोपांमध्ये एक होता गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधल्याचा, दुसरा नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहाराचा. आरोप कबूल करून माफी घ्यायला महाराजांनी नकार दिला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच दारे ठोठावत राहिले. तोवर महाराज काशीतच वारले होते (१८४७) आणि सातारा खालसा झाला होता (१८४८). ज्याने अन्याय केला त्याच्याकडेच दाद मागायची, कारण दुसरे दार नाही. एकध्रुवीय जगाची व्याख्या पुस्तकात शोधण्यापेक्षा रंगो बापूजींची ही चौदा वर्षे आठवावीत.

याच महाबळेश्वरात इंग्रजांनी चिनी आणि मलय कैद्यांचा तुरुंगही ठेवला होता. पूर्वेकडच्या इंग्रज वसाहतींतून आणलेले हे कैदी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. त्याच काळात मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जात होती आणि त्या अफूसाठी इंग्रज चीनशी दोनदा लढले. आज चीन आपल्या ‘अपमानाच्या शतका’ची जी आठवण जगाला करून देतो, तिचा एक बारीक धागा आपल्या डोंगरावरच्या बटाट्याच्या वाफ्यापर्यंत येतो.

ध्रुव बदलले, पण कोणासाठी?

इथे थांबून आपला प्रश्न विचारला पाहिजे. राज्यकर्त्यांचा इतिहास सांगताना ‘आपण’ म्हणजे कोण, हे बहुतेक लेखक गृहीत धरतात. १८१८ हे वर्ष साताऱ्याच्या राजवाड्यासाठी एक होते आणि महारवाड्यासाठी वेगळे. १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावच्या लढाईबद्दल आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. फौजेत पगार होता, पेन्शन होती आणि मुख्य म्हणजे छावणीतल्या शाळेत अक्षरओळख होती. रामजी सुभेदार त्याच शिक्षणातून वर आले.

मग हे दार बंद का झाले? ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त आला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली, एवढे आपण वाचलेले असते. त्यामागचे जागतिक राजकारण फारसे सांगितले जात नाही. त्या काळात रशिया मध्य आशियात पुढे सरकत होता. रशियन फौज अफगाणिस्तानातून उतरेल ही इंग्रजांची मोठी धास्ती होती. सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांचे म्हणणे होते की युरोपीय शत्रूशी लढायला उत्तरेकडचे शीख, पठाण, गुरखे हवेत. दक्षिणेकडचे शिपाई त्या कामाचे नाहीत. जातिभेद या निर्णयाच्या मुळाशी होताच, कारण वरच्या जातीचे शिपाई महारांबरोबर नको म्हणत. पण त्याला निमित्त आणि वेग मिळाला तो दोन साम्राज्यांच्या स्पर्धेतून. लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या भांडणात दापोली आणि साताऱ्यातल्या पेन्शनर महारांच्या मुलांची नोकरी गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी केली. सरकार हलले नाही.

हलले ते पुढचे युद्ध आल्यावर. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. ही रेजिमेंट मोडली गेली नाही. १९१७ आणि १९४१ मधला फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. दोन्ही वेळी दार महासत्तांच्या युद्धामुळे उघडले. दुसऱ्या वेळी त्या दारात पाय घालून उभा राहणारा आपला माणूस होता.

मधली वीस-पंचवीस वर्षे काय झाले याची साक्षही सातारा जिल्ह्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. आज त्या शाळेला प्रतापसिंह महाराजांचे नाव आहे आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्या वर्षी वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली, त्यांची जात कळल्यावर बैलगाडीवाला मिळेना, दुप्पट पैसे देऊन गाडी मिळाली तर ती स्वतःच हाकावी लागली आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहिला. लिहिताना डोळ्यांसमोर परदेशी वाचक होता. अस्पृश्यता आहे हे त्याला ऐकून माहीत असते, पण तिचा चटका कळत नाही, म्हणून. कोलंबिया विद्यापीठात ते पुस्तक शिकवले गेले आहे. मसूरच्या फलाटावरची गोष्ट न्यूयॉर्कच्या वर्गात पोचली, हे आंतरराष्ट्रीय राजकारणच आहे.

बाबासाहेब आणि परराष्ट्र धोरण

आपल्याकडे एक चूक वारंवार होते. अमेरिकाविरोधी भाषणात बाबासाहेबांचा फोटो लावला जातो, तसाच अमेरिकेच्या कौतुकातही. त्यांनी प्रत्यक्षात काय म्हटले ते तपासणे कमी.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण सर्वांना ठाऊक आहे. त्या निवेदनात परराष्ट्र धोरणही एक कारण म्हणून होते. त्यांचा हिशेब सरळ होता. केंद्राचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यातले १८० कोटी लष्करावर. असे का? कारण या धोरणाने आपल्याला मित्र ठेवले नाहीत. गरिबाच्या शाळा-दवाखान्याचा पैसा परराष्ट्र धोरणातून ठरतो, हे इतक्या नेमकेपणाने तेव्हा फार थोडे लोक मांडत होते.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते पुन्हा बोलले. भारत आणि चीन यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिबेटविषयक करार केला होता आणि त्यात पाच तत्त्वे होती, पंचशील. बाबासाहेबांनी विचारले ते असे की पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे, माओंचा त्यावर विश्वास असेल तर त्यांच्या स्वतःच्या देशातल्या बौद्धांशी ते वेगळे वागले असते. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या दाराशी आली, हेही त्यांनी सांगितले. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, देशाने त्याचा अनुभव घेतला. त्याच भाषणात आग्नेय आशियातल्या अमेरिकाप्रणीत संरक्षण कराराकडे संशयाने पाहू नये असा त्यांचा सूर होता. त्याच्याशी आजच्या अनेक कार्यकर्त्यांचे जमणार नाही. न जमो. पण ते लपवून ‘बाबासाहेब अलिप्ततावादी होते’ असे सांगणे बरोबर नाही. लोकशाही आणि हुकूमशाही यांच्यात समान अंतर ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ध्रुव किती, यापेक्षा त्या ध्रुवावर माणसाला बोलता येते का, हा त्यांचा प्रश्न होता.

१९६२ नंतरचा एक धागा पुन्हा याच भागातला आहे. चीनशी युद्ध झाल्यावर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते यशवंतराव चव्हाण, जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे, कर्मभूमी कराड. १९७४ ते १९७७ या काळात ते परराष्ट्रमंत्री होते. १९६१ पासून चीनमध्ये भारताचा राजदूत नव्हता. १९७६ मध्ये तो पुन्हा पाठवला गेला आणि त्या पदावर निवड झाली के. आर. नारायणन यांची. केरळातल्या एका दलित कुटुंबातला हा मुलगा पंधरा वर्षांनंतरचा पहिला राजदूत म्हणून बीजिंगला गेला आणि पुढे १९९७ मध्ये राष्ट्रपती झाला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण परराष्ट्र सेवेचे स्वप्न पाहतात? वकिली, प्रशासन, प्राध्यापकी यांच्या पुढे आपली नजर कमी जाते, असे आमचे निरीक्षण आहे.

आज यात आपले काय आहे?

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी २०१० पासून भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे, पण स्वीट चार्ली, विंटर डॉन, कामारोसा या वाणांची नावेच सांगतात की रोप फ्लोरिडा-कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांचे आहे. सांगलीच्या द्राक्षाचा कंटेनर युरोपला लाल समुद्रातून जातो. २०२३ च्या शेवटी तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि वाट आफ्रिकेला वळसा घालून गेली, भाडे वाढले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियाकडून तेल घेतल्याचे कारण देत भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. बागायतदाराचे नुकसान बातमीत येते. त्या बागेत काडी छाटणाऱ्या, पॅकहाउसमध्ये घड भरणाऱ्या भूमिहीन बाईचा रोज बुडतो, तो येत नाही.

शिक्षणाचेही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीचे ७५ विद्यार्थी दरवर्षी परदेशी जाऊ शकतात. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीही आहे, पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले गेले. म्हणजे परदेशी जा, पण जातीवर संशोधन करायला जाऊ नका. बाबासाहेब आज अर्ज करते तर १९१६ साली त्यांनी कोलंबियात वाचलेला जातीवरचा निबंध या नियमात बसला नसता.

इथेच बहुध्रुवीय जगाची आपल्यासाठी खरी गोम आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार होता. २००१ मध्ये दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारने जात हा वंश नाही, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे म्हणून विरोध केला. तरीही पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने ‘जन्मावर आधारित भेदभावा’त जात येते असे स्पष्ट केले. ब्रिटनने २०१३ मध्ये कायद्यात जातीची तरतूद केली, २०१८ मध्ये ती अमलात न आणण्याचे ठरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तसेच विधेयक परत पाठवले.

ही सगळी दारे पश्चिमेकडची होती, हे मान्य केले पाहिजे. ती दांभिक आहेत, इराक आणि गाझाने ते दाखवले. पण ब्रिक्स किंवा शांघाय सहकार्य संघटनेत असे दारच नाही. तिथला पहिला नियम एकमेकांच्या अंतर्गत बाबींत बोलायचे नाही. राज्यांसाठी हा सन्मान आहे. त्या राज्यात दबलेल्यांसाठी तो १८१९ च्या तहातल्या कलमासारखा आहे: बोलायचे फक्त आमच्याशी.

दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, रोहिंग्यांच्या संहारासाठी. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात पळाले होते. पूर्वी असे खटले भरण्याचे धाडस छोटे देश क्वचितच करत. आणि इथे आपल्याला एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. ज्याच्यावर खटला झाला तो बौद्धबहुल देश आहे, त्यातले काही भिक्खू द्वेषाच्या प्रचारात पुढे होते. धम्माच्या नावाने झालेल्या हिंसेवर आपण गप्प बसलो तर आपल्यावरच्या हिंसेबद्दल जगाने बोलावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

बुद्ध कोणाचा राजदूत?

बहुध्रुवीय स्पर्धेत तथागतांनाही ओढले गेले आहे. चीनने २००६ पासून जागतिक बौद्ध मंच भरवायला सुरुवात केली. भारताने एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीत जागतिक बौद्ध शिखर परिषद घेतली. पवित्र अस्थी २०२२ मध्ये मंगोलियाला आणि २०२४ मध्ये थायलंडला दर्शनासाठी नेण्यात आल्या. २०२५ मध्ये पिपरहवाच्या अवशेषांसोबतची रत्ने हाँगकाँगमध्ये लिलावात निघणार होती. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने मायदेशी आली. हे चांगले झाले.

पण त्याच २०२५ मध्ये, फेब्रुवारीपासून, बोधगयेत भिक्खू आणि उपासक धरणे धरून बसले होते. मागणी एकच, १९४९ चा बोधगया मंदिर कायदा रद्द करा. त्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात, अध्यक्ष जिल्हाधिकारी. उलानबातर आणि बँकॉकला बुद्धाची भूमी म्हणून ओळख सांगणाऱ्या सरकारला महाबोधी महाविहार बौद्धांच्या हाती द्यायला कायदा आड येतो. थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम, जपान या देशांतून दरवर्षी हजारो यात्रेकरू बोधगयेला येतात. त्यांच्या दूतावासांना, त्यांच्या भिक्खुसंघांना आणि वृत्तपत्रांना हा कायदा काय आहे ते आपल्यापैकी किती जणांनी लिहून कळवले आहे? आमच्या माहितीतल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांनी. इंग्रजीतले दोन पानी टिपण, कायद्यातील समितीच्या रचनेचे कलम आणि बाबासाहेबांच्या १९४६ च्या पत्राचा दाखला, एवढ्यावर सुरुवात करता येते. थाई, सिंहली आणि जपानीत त्याचे भाषांतर करू शकणारे आपले विद्यार्थी आज त्या त्या देशांत शिकत आहेत.